न गाळलेली हवा

“वैनीसाब, लेकराची धुणी ह्या दोरीवर नका घालू. घरात घाला, जिन्यात घाला, पर हितं नको.”

हरणाबाई असं म्हणाली तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. मला वाटलं, बाई दमली आहे. पिवळी पडलेली दुपटी पुन्हा पुन्हा खळबळायचा तिला कंटाळा आलाय, आणि ठपका मात्र माझ्यावर ठेवतेय. वारा होता. मी एक हेलकावा घेतला आणि ते बोलणं झटकून टाकलं.

मित्रांनो, ती दोरी मीच. सांगलीच्या वखारभागात, बाळगोंडा पाटलांच्या गच्चीवर उन्हापावसात ताणून बांधलेली, आता पीळ सैल पडलेली. माझ्यासारख्या दोऱ्या तुमच्याही घरी असतील. तुम्ही शाळेचा सदरा ओढून काढता, दोरीकडे कुणी बघत नाही. बघावं असं काही तिच्यात नसतंच म्हणा. पण दोरी दिवसभर उघड्यावर असते, आणि हवेतून जे काही जातं ते तिच्या अंगावरून जातं. म्हणून मला थोडं सांगायचं आहे. थकले आहे, सांगताना मागंपुढं होईल. सांभाळून घ्या.

माझा जन्म म्हसवडचा. तिकडे माणदेशात पाऊस बेताचा, पण बांधाबांधावर घायपात उगवतं. जाड, काटेरी, गुरंही तोंड लावत नाहीत असं. केरबा नावाचा माणूस त्याची पातं कापून पाण्यात कुजत घालायचा, मग दगडावर बडवून, धुऊन त्याचे पांढरे शुभ्र तंतू काढायचा. त्याच तंतूंना मांडीवर पीळ देऊन त्यानं मला वळलं. माझ्या सोबतच्या दोऱ्या कुणाच्या बैलाला गेल्या, कुणाच्या मोटेला. मला घेऊन तो सांगलीच्या बाजारात आला, आणि तिथं पाटलांच्या पत्नी पद्मावतीबाईंनी मला हातात घेऊन ओढून बघितलं.

“तुटायची न्हाई न्हवं?” त्यांनी विचारलं.

“आवं आक्का, हिच्या पिळात कापडाचं टोक खोचा,” केरबा म्हणाला, “वाऱ्याच्या बापाला सुटायचं न्हाई. चिमटे आणू नगासा उगं.”

ते खरं होतं. मला कधी चिमटे लागले नाहीत. त्याचा मला अभिमान होता.

पाटलांचं घर म्हणजे खाली हळदीची वखार आणि वर राहती जागा. तुम्हाला हळद माहीत आहे ती डब्यातली. शेतातून येते तेव्हा ती तशी नसते. शिजवून वाळवलेली हळकुंडं मातकट, सुरकुतलेली, मुळ्या लोंबत असलेली असतात. ती जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये भरून मोटरीवर गरागरा फिरवतात. एकमेकांवर घासून त्यांची साल झडते, माती झडते, आणि आतून सोन्यासारखी हळकुंडं निघतात. याला पॉलिश म्हणतात. पाटलांचा ड्रम नाथाजी चालवायचा. हरणाबाईचा नवरा. ड्रम फिरायला लागला की वखारीच्या दारातून, झरोक्यातून, खिडक्यांच्या फटीतून पिवळा लोट निघायचा आणि सरळ वर माझ्याकडे यायचा.

त्या घरात हंगामाला काहीच पांढरं राहायचं नाही. बाळगोंडाआण्णांचं धोतर पिवळं, उशांचे अभ्रे पिवळे, पद्मावतीबाईंचं पाणी गाळायचं जाड दुपदरी फडकंसुद्धा पिवळं. त्या फडक्याला घरात ‘गाळणं’ म्हणत. पाटील जैन. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते आपल्या पोटात जाऊन मरू नयेत, म्हणून पद्मावतीबाई पाण्याचा थेंबही गाळल्याशिवाय कुणाला देत नसत. गाळून झालं की गाळणं उलटं धरून धुवायच्या आणि ते पाणी हलक्या हातानं पुन्हा विहिरीत सोडायच्या, जीव आपल्या घरी परत जावेत म्हणून. मग गाळणं माझ्या एका टोकाला वाळत घालायच्या. शेजारी दुसरं कापड चालायचं नाही.

त्यावर हळदीची पूड बसली तर मात्र त्यांना काही वाटायचं नाही. दोनदा झटकायच्या. “हळदच हाय,” म्हणायच्या. “चांगलंच की.”

शेजारच्या बायका चेष्टा करत. “पाटलांच्यात बारा म्हयने लगीनघर. रोजच हळद लागलेली!” आणि पद्मावतीबाईही हसून म्हणत, “मग या की गं, तुमालाबी लावते.” मला ती चेष्टा आवडायची. इतर दोऱ्या उन्हानं काळ्या पडतात, मी पिवळी होत होते. मला वाटायचं, मीही लग्नाची.

मग सम्मेद जन्मला. पाटलांचा नातू. त्याची आई रूपालीवहिनी, बी.एस्सी. झालेली, माहेर कराडचं. बाळंतपण उरकून आल्या आणि माझे दिवसच बदलले. टोपडी, झबली, लंगोट, दुपटी. इतकी इवली कापडं मी कधी धरली नव्हती. सकाळी अंघोळ झाली की वहिनी त्याला कोवळ्या उन्हात गच्चीवर घेऊन यायच्या, माझ्या सावलीच्या पट्ट्यात सतरंजी टाकायच्या आणि त्याच्याकडे बघत बसायच्या. नुसतं बघत. खेळवायच्या कमी, बघायच्या जास्त. त्या सारख्या त्याचं झबलं वर करून छाती बघत. पद्मावतीबाई चिडायच्या.

“आगं, किती बघतीयास? नजर लागंल पोराला आईचीच.”

“आत्ती, हा श्वास घेताना इथं खळगा पडतो बघा. बरगड्यांच्या मधे. पडतोय ना?”

“बारीक हाय त्यो. खाऊ दे, भरंल.”

आत्ती म्हणजे सासूबाई. सासऱ्यांना त्या मामा म्हणत.

दुसरा हंगाम आला तोवर सम्मेद पावलं टाकू लागला होता, आणि खोकू लागला होता. सर्दीचा ओला खोकला नव्हे. कोरडा, वर वर चढत जाणारा, आणि शेवटी शिट्टी वाजल्यासारखा. पद्मावतीबाईंनी हळद घातलेलं दूध दिलं, छातीला हळदीचा लेप लावला. खाली ड्रम फिरत होता. हरणाबाईनं धुण्याची बादली माझ्याखाली ठेवली, कमरेवर हात ठेवून ती त्या पोराकडे बघत राहिली, आणि तेव्हाच ती ते बोलली, मी वर सांगितलं ते.

“का गं हरणाबाई?” वहिनींनी विचारलं.

“आमचं ह्ये असंच खोकत्यात. पैल्यांदा हंगामातच खोकायचं. आता बाराबी म्हयने. मी त्यांची कापडं धुती न्हवं, मला वास ठावा हाय त्येचा. त्योच ह्या लंगुटाला येतुया.”

“अगं, ती हळद आहे.”

“व्हय, हळदच हाय,” हरणाबाई म्हणाली आणि बादली उचलून गेली. धुणंवालीनं मालकिणीशी किती वेळ वाद घालायचा?

मिरजेच्या डॉक्टरांकडून आल्यावर वहिनी गच्चीवर एकट्याच आल्या होत्या. धुणी काढायला आल्या आणि धुणी न काढताच मला धरून उभ्या राहिल्या. मागोमाग वर आलेल्या नवऱ्याला, सुकुमारभाऊंना, त्यांनी तिथंच ते सांगितलं. डॉक्टर बालदमा म्हणाले. घरात चुलीचा धूर आहे का, धूळ आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं.

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, नाही. गॅस आहे आमच्याकडे. धूळ काही नाही, फक्त हळद आहे.” त्यांनी माझ्यावरच्या पिवळ्या दुपट्यावरून बोट फिरवलं. “असं कसं म्हटलं मी?”

मित्रांनो, तुम्ही हसाल. पण या घरातलं कुणीच वेगळं म्हणालं नसतं. जखमेला हळद, देवाला हळद, नवरीला हळद. जे चिमूटभर औषध असतं त्याचा लोट वाईट कसा असेल? धूळ म्हणजे रस्त्यावरची, धूर म्हणजे चुलीचा. हळद ही धुळीच्या यादीत कुणी घातलीच नव्हती.

वहिनींनी मात्र तिथून पुढं लक्ष ठेवायला सुरुवात केली. बाजार बंद असला, ड्रम थांबला, की पोराचा आवाज मोकळा होतो. कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर चार दिवस सगळे गेले, तर पोरगं पायऱ्या धावत चढलं. परत आले, ड्रम सुरू होता, संध्याकाळपर्यंत खळगा पडला. हे सगळं त्या माझ्याखाली बसून हरणाबाईला सांगायच्या, कारण खाली कुणी ऐकून घेत नव्हतं.

शेवटी आण्णांच्या कानावर गेलंच. बाळगोंडाआण्णा वाईट माणूस नव्हते. नातवासाठी जीव टाकत. त्यांनी नाथाजीला हाताशी घेऊन ड्रमभोवती पत्र्याचा डबा बसवला, त्याला पंखा लावला, आणि पंख्याच्या तोंडाला मांजरपाटाची, माणसाच्या उंचीची पिशवी बांधली. लोट पिशवीत जायचा, पूड खाली साठायची, हवा बाहेर.

आणि काय सांगू, माझ्यावरची धुणी पांढरी निघाली! आण्णांचं धोतर बगळ्यासारखं. गाळणं पांढरं. दुपटी पांढरी. आण्णा गच्चीवर आले, माझ्यावरचा एक लंगोट हातात घेऊन त्यांनी उन्हात धरला.

“काय म्हंतीस आता, बी.एस्सी.? झाली का न्हाई हवा स्वच्छ?”

वहिनी हसल्या. सगळेच हसले. माझा तर ऊर भरून आला होता. इतक्या वर्षांनी मी पांढरं कापड धरलं होतं, आणि कापड पांढरं म्हणजे हवा स्वच्छ, असं मलाही वाटत होतं. दोरीला दुसरं काय कळणार?

पण पोराचा खळगा गेला नाही.

आता वहिनींचं अवघड झालं. आधी निदान दाखवायला पिवळं कापड होतं. आता त्या कुठं बोट दाखवणार? “शिकलेल्या पोरींचं असंच. न्हाई ते रोग दिसत्यात,” असं पद्मावतीबाई शेजारणीला म्हणाल्या, वहिनी ऐकतील इतक्या मोठ्यानं. सुकुमारभाऊ म्हणाले, “रूपा, बाबांनी एवढं केलंय. आता पुरे कर.” त्यांनी पुरे केलं. त्या गच्चीवर यायच्या, धुणी वाळत घालायच्या, काढायच्या. बोलायच्या नाहीत. त्यांच्या हाताचा ताण माझ्या पिळाला कळायचा. सारखी बघत राहणारी आई बोलायची थांबली की घरातल्यांना बरं वाटतं. मला वाटत नसे.

ते १९९७ साल. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या चारुशीलाबाई वहिनींच्या माहेरच्या ओळखीच्या. त्या सांगलीत ठिकठिकाणी हवा मोजत होत्या. यंत्र ठेवायला त्यांना मोकळी गच्ची आणि विजेची सोय हवी होती. वहिनींनी विचारलं, आण्णा लगेच हो म्हणाले. “या की. आमची हवा आता गावात पैल्या नंबरची हाय. मोजा आन् लिवा.”

यंत्र आलं. पत्र्याचं, छोट्या देवळीसारखं, वर उतरतं छप्पर. माझ्यापासून दोन हातांवर ठेवलं. सुरू केलं की ते गिरणीसारखं घोंघावायचं आणि हवा आत ओढायचं. रात्रंदिवस चाललं. मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी चारुशीलाबाई परत आल्या, यंत्र उघडलं, आणि सगळं घर भोवती जमलं. नाथाजीही पायरीवर येऊन उभा राहिला.

यंत्राच्या पोटात एक लहान पेला होता. त्यात चिमूटभर पिवळी पूड. आणि वर एक मोठा चौकोनी कागद. घातला तेव्हा दुधासारखा पांढरा होता, आता मळक्या राखी रंगाचा.

“हे बघा,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “जाडी धूळ जड असते, ती खाली पेल्यात पडते. अशीच धूळ कपड्यांवर बसते, ती तुमच्या पिशवीनं चांगली अडवली आहे. पण ही कागदावरची बारीक धूळ. केसापेक्षा कितीतरी बारीक. ही कपड्यावर दिसत नाही, नाकातल्या केसांत अडत नाही, ती थेट छातीत जाते. पिशवीच्या विणीतूनही निघून येते.”

“हळद हाय न्हवं ती?” आण्णांनी विचारलं.

“थोडी हळद. बाकी साल, शेतातली माती, आणि रस्त्यावरच्या ट्रकचा धूरही असेल. धूळ कशाची आहे, त्यानं छातीला काही फरक पडत नाही.”

मित्रांनो, माझ्या अंगावरून रोज काय जात होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी फक्त पेल्यातली धूळ धरत होते. कागदावरची माझ्या पिळातून आरपार जात होती.

कागद कराडला नेऊन तोलायचा होता. यंत्र अधूनमधून आणखी काही दिवस चाललं. मग बाई आकडा घेऊन आल्या. एकूण धूळ मर्यादेत होती. बारीक धूळ एकशे तीस.

“म्हंजे पास का नापास?” आण्णा म्हणाले.

“ते तुमचा भाग कुठला त्यावर आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी कायद्यात एकूण धुळीचीच मर्यादा होती. १९९४ साली सरकारनं बारीक धुळीची वेगळी मर्यादा घातली. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी हवेची पेटी धरली, तर राहत्या वस्तीत तिच्यात दिवसाच्या सरासरीनं शंभर मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बारीक धूळ असू नये. औद्योगिक भागात दीडशेपर्यंत चालते.

आण्णांनी मांडीवर थाप मारली. “मग झालं की! ही वखार हाय. खाली मोटर, दारात ट्रक. आमाला दीडशेचा नियम. एकशे तीस म्हंजे पास.”

“वर घर आहे, मामा,” वहिनी म्हणाल्या. या विषयावर किती दिवसांनी त्या बोलल्या होत्या.

“घर वखारीचं हाय. वखार घराची न्हाई.”

“मग सम्मेदला तेवढं शिकवा,” वहिनी थांबल्या नाहीत. “खाली तुमच्याजवळ आला की दीडशेचा श्वास घे म्हणावं, आणि वर माझ्याजवळ आला की शंभरचा. छाती एकच आहे हो त्याची.”

“रूपा!” सुकुमारभाऊ ओरडले.

“बोलू दे तिला,” आण्णा म्हणाले, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता. “बाई, हा शंभर ठरवला कुणी? माज्या बानं ह्याच हवेत हळद केली. ऐंशी वर्सं जगला.”

“धडधाकट माणसाला धरून ठरवत नाहीत, आण्णा,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “लहान मुलं, म्हातारी, आजारी यांनाही ती हवा सोसावी, असा हिशेब असतो.”

“आन् न्हाई पाळला तर? पोलीस येत्यात?”

बाई थोड्या ओशाळल्या. “इतक्या लहान वखारीला कोण विचारायला येणार? मी तर शिकवणारी बाई. मी फक्त मोजते.”

“बघा!” आण्णा उठले. मला वाटलं, झालं. कायदा असतो, पण तो इतका लांब असतो, की जिना चढून कधी वर येत नाही. वहिनींनी मान खाली घातली होती.

पद्मावतीबाई मात्र तो कागद सोडेनात. बाईंनी एक वापरलेला कागद दाखवायला आणला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी उन्हाकडे धरला होता. मग शेजारी माझ्या टोकाला वाळत असलेल्या गाळण्याकडे बघितलं.

“बाई, म्हंजे ह्ये यंत्र हवा गाळतंय व्हय?”

“हो, आजी. अगदी तसंच.”

“आन् गाळण्यावर ह्ये ऱ्हायलं.”

“हो. न गाळता श्वासात गेलं असतं ते.”

पद्मावतीबाईंनी कागद जपून बाईंच्या हातात दिला. मग नवऱ्याकडे वळल्या. नवऱ्याशी त्या चारचौघांत कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. तेव्हाही बोलल्या नाहीत.

“आवं, पाण्यातला जीव मला कवा दिसला? चाळीस वर्सं गाळती मी, एक तरी दिसला का? न दिसणाऱ्या जिवासाठनं आपण घोटभर पाणी तसं पीत न्हाई. आन् ह्यो तर दिसतोय.” त्यांनी सम्मेदकडे बोट दाखवलं. तो यंत्राशेजारी बसून त्याच्या पत्र्यावर चमचा वाजवत होता. “गाळणं असं निघाल्यावर ती विहीर कुटल्या भागात हाय, ह्ये इचारत बसतो का आपण?”

आकडा ऐकायला पायरीवर येऊन उभ्या राहिलेल्या नाथाजीकडे आण्णांनी पाहिलं, जणू त्यानं काही उत्तर द्यावं. नाथाजीला नेमका तेव्हाच खोकला आला.

ड्रम त्या दिवशी बंद झाला नाही. हंगाम चालू होता, आडत्यांना शब्द दिलेले होते. वहिनी पोराला घेऊन हंगाम संपेपर्यंत कराडला माहेरी गेल्या. पण पुढच्या हंगामाआधी आण्णांनी गावाबाहेर, ओढ्यापलीकडे, पत्र्याची शेड घेतली आणि ड्रम तिकडे हलवला. घरी फक्त पोती राहिली. चारुशीलाबाईंनी पुन्हा यंत्र लावलं, आकडा शंभराच्या आत आला. सम्मेद बरा झाला असं मी म्हणणार नाही. थंडीत त्याची शिट्टी तेव्हाही वाजायची. पण खळगा रोज पडत नव्हता, आणि वहिनी त्याला बघत बसायच्या त्यापेक्षा जास्त खेळवायच्या. आई पोराबरोबर पळायची तेव्हा तिचा पदर माझ्यावर आपटायचा. ते दिवस माझे सगळ्यांत चांगले.

फार नव्हते ते दिवस. गच्चीवर निळी नायलॉनची दोरी आली, सोबत चिमट्यांचा डबा आला. मला काढलं आणि टेम्पोतली हळदीची पोती आवळायला घेतलं. असा माझाही मुक्काम ओढ्यापलीकडच्या शेडमध्ये आला. तिथं कितीतरी दिवस कोपऱ्यात पडून होते. मला राग नव्हता. दोरीनं किती वर्षं ताणून उभं राहायचं, यालाही काही मर्यादा हवीच ना?

मग एकदा नाथाजीनं मला झटकून उचललं. त्याची सून हळद निवडायला शेडवर येऊ लागली होती, आणि तिची मुलगी अंगावर पिणारी. मयूरी तिचं नाव. घरी ठेवायला कुणी नाही. हरणाबाई दिवसभर लोकांची धुणी धुते. नाथाजीनं मला शेडच्या दाराजवळच्या दोन खांबांना बांधलं आणि त्यावर जुन्या धोतराची झोळी टाकली.

“पार दारात बांधतो,” तो सुनेला म्हणाला. “हितं वारं लागतंय. आत आणू नगंस तिला.”

“आन् ऊन आल्यावर, मामा?”

“ऊन आल्यावर सरकवू की जरा आत.”

ऊन रोजच येतं. मग झोळी जरा आत सरकते.

मित्रांनो, इथं ते देवळीसारखं यंत्र कधी आलं नाही. हा भाग औद्योगिक, इथं दीडशेपर्यंत चालतं. पण ते बाहेरच्या हवेचं. पत्र्याच्या आत, ड्रमपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाशी किती असेल, ते मोजायला अजून कुणी आलेलं नाही, आणि झोळीतल्या पोरीच्या तोंडाशी किती, हा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातच नाही. पिशवी आहे, डबा आहे. झोळीचं कापड पांढरं राहतं. सून ते बघते आणि तिला बरं वाटतं. मला ओरडून सांगावंसं वाटतं, बाई, त्या पांढऱ्यावर जाऊ नकोस. पण दोरीला आवाज नसतो.

रूपालीवहिनी इकडे येत नाहीत. मी त्यांना बोल लावत नाही. इथली धूळ अंगावर घेऊन त्यांना पोराजवळ जाता येणार नाही. त्यांना झोळीचं माहीतही नसेल. माहीत असतं तर त्या आल्या असत्या असं मला वाटतं. निदान वाटून घेते.

मयूरीला परवापासून खोकला आहे. तिचं सगळं वजन माझ्यावर असतं, म्हणून मला ते आधी कळतं. पूर्वी ती झोपेत श्वास घ्यायची तेव्हा झोळी संथ हलायची. आता प्रत्येक श्वासाला मला एक बारीक हिसका बसतो. नाथाजीला ड्रमच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या खोकल्यात तिचा खोकला बुडून जातो. सून कामात मान वर करत नाही.

माझे पीळ सुटत आलेत, मी तिला किती दिवस धरीन ते सांगता येत नाही. पण माझी काळजी करू नका. दोऱ्या नव्या मिळतात. तुमच्यापैकी कुणी सांगलीत असेल, तर आईला किंवा बाबांना सोबत घ्या आणि ओढ्यापलीकडे या. पत्र्याची लांबट शेड आहे, दाराशीच झोळी दिसेल. दुपारी या, तेव्हा ती झोपलेली असते. तिला उठवू नका. झबलं जरासं वर करा आणि बरगड्यांच्या मधे बघा. घाई करू नका, चार-पाच श्वास बघा. खळगा पडत असेल, तर तिच्या आईच्या खांद्यावर हात ठेवून तिला कामावरून उठवा, आणि दोघींना घेऊन आधी दवाखान्यात जा.